महायुद्धानंतरचे तह जेत्यांना आणि पराभूतांना कसे घडवतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘युद्धात जिंकले, तहात हरले’ असं आपण सहज बोलून जातो. पण तहाच्या कागदावर नेमकं काय लिहिलेलं असतं, ते हरलेल्याच्या घरात कुठवर पोचतं आणि जिंकलेल्याच्या गळ्यात काय अडकवतं, याकडे फारसं लक्ष जात नाही. माझं मत आधीच सांगून ठेवायला हवं. तह कडक असावा की सौम्य, हा वाद मला अपुरा वाटतो. तहानंतर जेते एकत्र उभे राहतात का, आणि हरलेल्याला पुन्हा चारचौघांत बसायला जागा मिळते का, या दोन गोष्टींवर जास्त अवलंबून असतं. पुढची उत्तरं त्याच नजरेनं लिहिली आहेत.

शस्त्रसंधी आणि तह यांत फरक काय?

शस्त्रसंधीनं तोफा थांबतात, पण कायद्याच्या दृष्टीनं युद्ध संपत नाही. ते संपतं तहानं. सीमा, पैसा, कैदी, सैन्याचा आकार हे सगळं तहात ठरतं. पहिल्या महायुद्धातली शस्त्रसंधी ११ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समधल्या काँपियेन्यच्या जंगलात, रेल्वेच्या एका डब्यात झाली. जर्मनीशी तह झाला २८ जून १९१९ रोजी. मधल्या साडेसात महिन्यांत दोस्त राष्ट्रांची सागरी नाकेबंदी चालूच होती. मार्च १९१९ मध्ये करार होऊन धान्याची जहाजं येऊ लागली, पण नाकेबंदी पूर्णपणे उठली ती जुलैमध्ये. म्हणजे बंदुका थांबल्या तरी जर्मन घरांतली उपासमार थांबली नव्हती. ही गोष्ट तिथल्या लोकांच्या मनातून पुढे कधी गेली नाही.

व्हर्सायच्या तहात जर्मनीनं काय गमावलं?

युरोपातली सुमारे १३ टक्के जमीन, जवळपास १० टक्के लोकसंख्या आणि सगळ्या वसाहती. अल्सेस-लोरेन फ्रान्सकडे परत गेलं, पोलंडला समुद्रापर्यंत वाट मिळाली, डान्झिग हे स्वतंत्र शहर झालं. सैन्य १ लाखावर आणलं गेलं. रणगाडे, लष्करी विमानं, पाणबुड्या यांवर बंदी आली. ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेला दोस्तांच्या फौजा बसल्या. सार खोरं १५ वर्षांसाठी राष्ट्रसंघ या नव्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ताब्यात गेलं. याशिवाय नुकसानभरपाई होतीच, तिच्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

सहीच्या दिवसाची एवढी चर्चा का होते?

त्या दिवसाचं दृश्य जरा जवळून पाहिलं की कळतं. सही झाली व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालात. याच दालनात १८ जानेवारी १८७१ रोजी, फ्रान्सला हरवून, जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती. पॅरिसची शांतता परिषदही १८ जानेवारीलाच सुरू केली गेली. फ्रान्सला जुना हिशोब चुकता करायचा होता आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करायचा होता. फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमान्सो यांनी चेहऱ्याला भयानक जखमा झालेले पाच फ्रेंच सैनिक मुद्दाम तिथे आणून बसवले होते. सही करायला येणाऱ्या जर्मनांना ते चेहरे दिसावेत, हा हेतू होता.

आणि सही करायला आलं कोण? परराष्ट्रमंत्री हेर्मान म्युलर आणि मंत्री योहान्नेस बेल. एक समाजवादी लोकशाहीवादी, दुसरा कॅथलिक सेंटर पक्षाचा. युद्ध पुकारणारा कैसर हॉलंडमध्ये जाऊन बसला होता. युद्ध चालवणारे सेनानी हिंडेनबर्ग आणि लुडेनडॉर्फ त्या दालनाच्या आसपासही नव्हते. अपमान जुन्या राजवटीचा करायचा होता, झेलला मात्र नव्या प्रजासत्ताकानं. माझ्या मते व्हर्सायची सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. ती कुठल्याही कलमात लिहिलेली नाही.

शस्त्रसंधीच्या वेळीही हेच झालं होतं. त्या रेल्वेच्या डब्यात जर्मन शिष्टमंडळाचे प्रमुख होते माथियास एर्त्सबेर्गर, म्हणजे लष्करी अधिकारी नव्हे, एक राजकारणी. ऑगस्ट १९२१ मध्ये उजव्या अतिरेक्यांनी त्यांना गोळ्या घालून मारलं.

व्हर्सायच्या तहामुळेच हिटलर सत्तेवर आला का?

शाळेतल्या पुस्तकांनी बहुतेकांच्या डोक्यात असंच बसवलंय. सरळ उत्तर: तहानं त्याला भाषणासाठी मजकूर दिला, सत्ता मात्र इतर गोष्टींनी मिळवून दिली.

मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला फक्त २.६ टक्के मतं पडली. तह होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. तहाचा राग हेच मुख्य कारण असतं तर ही मतं आधी पडायला हवी होती. जुलै १९३२ मध्ये तीच मतं ३७ टक्क्यांवर गेली. मधल्या चार वर्षांत जागतिक मंदी आली, बेकारांच्या रांगा लागल्या, बँका बुडाल्या आणि सरकारं संसदेला बाजूला सारून राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांवर चालू लागली.

मग तहाचा वाटा किती? तो होता, आणि खोल होता. १९१८ मध्ये शस्त्रसंधी झाली तेव्हा जर्मन फौजा अजून परक्या मुलखात होत्या. बर्लिनच्या रस्त्यावर शत्रूचा एकही सैनिक दिसला नव्हता. सैनिक रांगेत, बँड वाजवत घरी परतले. हरलो हे सामान्य माणसाला डोळ्यांनी कधी दिसलंच नाही. मग सहा महिन्यांनी, ७ मे १९१९ रोजी, अटींचा जाडजूड मसुदा हातात पडला. समोरासमोर बोलणी नाहीत, जे म्हणायचं ते लेखी द्या, असं सांगितलं गेलं. जर्मन लोक या तहाला ‘डिक्टाट’ म्हणजे हुकूमनामा म्हणू लागले. ‘सैन्य हरलं नाही, घरच्यांनी पाठीत खंजीर खुपसला’ ही खोटी कथा रुजायला याहून चांगली जमीन नव्हती. तिचा रोख समाजवाद्यांवर होता, प्रजासत्ताकावर होता आणि विशेषतः ज्यूंवर होता.

शिवाय १९३३ पर्यंत तहाची बरीच धार गेलेली होती. ऱ्हाइनलँडमधली शेवटची दोस्त फौज १९३० मध्येच निघून गेली. १९३२ च्या लॉझान परिषदेत भरपाई जवळजवळ रद्द झाली. या सवलती ज्यांना मिळायला हव्या होत्या त्या लोकशाही सरकारांना मात्र त्या उशिरा, तुकड्यातुकड्यानं मिळाल्या. तहानं ऱ्हाइनलँडमध्ये जर्मन सैन्य ठेवायला मनाई केली होती. मार्च १९३६ मध्ये हिटलरनं तिथे सैन्य घुसवलं तेव्हा कोणी अडवलं नाही. समंजस माणसांना जे द्यायला कां-कूं केलं, ते दांडगाई करणाऱ्याला आयतं मिळालं. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

व्हर्सायच्या तहातल्या कलम २३१ मध्ये जर्मनीला ‘गुन्हेगार’ म्हटलं आहे का?

नाही. त्या कलमात ‘दोष’ किंवा ‘गुन्हा’ हा शब्द नाही. जर्मनी आणि तिच्या साथीदारांच्या आक्रमणामुळे झालेल्या हानीची जबाबदारी जर्मनी स्वीकारते, एवढं त्यात आहे. भरपाई मागायला कायदेशीर पाया हवा म्हणून ते आलं, आणि मसुदा करणाऱ्यांत जॉन फॉस्टर डलेस हे तरुण अमेरिकन वकील होते. ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या तहांतही याच धर्तीचं कलम आहे. तिथे त्यावरून एवढं रान उठलं नाही. जर्मनीत मात्र ‘युद्धदोषाचं कलम’ हेच त्याचं नाव पडलं.

१३२ अब्ज मार्कांची भरपाई जर्मनीनं खरंच भरली का?

त्याच्या जवळपासही नाही. मे १९२१ मध्ये लंडनमध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्क हा आकडा ठरला, पण तो तीन प्रकारच्या रोख्यांत विभागला होता. त्यातले ८२ अब्जांचे ‘क’ रोखे वसूल होण्याची आशा ते ठरवणाऱ्यांनाही फारशी नव्हती. फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या मतदारांना मोठा आकडा दिसावा हा त्यांचा उपयोग. खरी मागणी सुमारे ५० अब्जांची. १९३२ पर्यंत प्रत्यक्षात भरले गेले ते साधारण २० अब्ज.

आता यातली खरी शोकांतिका. जो आकडा वसूल करायचा नव्हता, तो जर्मन माणसानं मात्र खरा मानला. नातवंडांनाही हे कर्ज फेडावं लागणार, असं तो धरून चालला. पॅरिसमध्ये मतं मिळवायला लिहिलेल्या आकड्यानं म्युनिकमध्ये मतं मिळवून दिली.

हप्ते चुकले म्हणून जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा रूरच्या कोळसापट्ट्यात घुसल्या. कामगारांनी काम बंद केलं, सरकारनं नोटा छापून त्यांचे पगार दिले. आधीच घसरणारा मार्क कोसळला. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. आयुष्यभर काटकसर करून बँकेत ठेवलेल्या पैशात पाव येईना. ज्या मध्यमवर्गावर प्रजासत्ताकाची भिस्त, तोच वर्ग या एका वर्षात उघड्यावर आला.

१९२४ च्या डॉज योजनेनंतर गाडं रुळावर आलं. अमेरिकेनं जर्मनीला कर्ज द्यायचं, जर्मनीनं त्यातून फ्रान्स-ब्रिटनला भरपाई द्यायची, त्यांनी तेच पैसे युद्धकर्जापोटी अमेरिकेला परत करायचे, असं हे चक्र होतं. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, अमेरिकन कर्ज आटलं आणि सगळंच ठप्प झालं.

या भरपाईसाठी काढलेल्या रोख्यांच्या थकलेल्या व्याजाचा शेवटचा हप्ता जर्मनीनं ३ ऑक्टोबर २०१० रोजी भरला.

जिंकलेल्यांना तरी समाधान मिळालं का?

फार कमी. फ्रान्सचं उदाहरण बघा. १३ लाखांहून जास्त सैनिक गेलेले, उत्तरेकडचे कारखाने, खाणी, शेतं उद्ध्वस्त. फ्रान्सला ऱ्हाइनलँड जर्मनीपासून तोडून हवं होतं. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन आणि ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी ‘पुन्हा हल्ला झाला तर आम्ही धावून येऊ’ अशी हमी दिली, म्हणून क्लेमान्सो यांनी तो हट्ट सोडला. मग अमेरिकेच्या सिनेटनं व्हर्सायचा तह नोव्हेंबर १९१९ मध्ये आणि पुन्हा मार्च १९२० मध्ये नाकारला. अमेरिकेची हमी गेली, आणि ब्रिटनची हमी अमेरिकेच्या हमीवर अवलंबून असल्यानं तीही गेली. फ्रान्सच्या हातात ना जमीन राहिली ना हमी. रूरमध्ये फौज घालणारा हटवादी फ्रान्स आणि नंतर जर्मन सीमेवरच्या माजिनो तटबंदीआड बसलेला घाबरलेला फ्रान्स, दोन्ही इथूनच निघाले. तो नुसता सूडबुद्धीनं वागला असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

इटली जिंकलेल्यांच्या बाजूला होती. ट्रेंटिनो, दक्षिण टायरॉल, त्रिएस्ते मिळालं. १९१५ च्या गुप्त करारात कबूल केलेला डाल्मेशियाचा किनारा मात्र बहुतेक हातचा गेला, आणि फ्यूमे शहराच्या मागणीवरून पंतप्रधान ओर्लांदो परिषद सोडून निघून आले. कवी दान्नुन्त्सिओ यांनी या विजयाला ‘पंगू केलेला विजय’ म्हटलं, आणि सप्टेंबर १९१९ मध्ये स्वतःची स्वयंसेवक फौज घेऊन फ्यूमेवर कब्जा केला. काळे शर्ट, गच्चीतून भाषणं, जमावाकडून वदवून घेतलेल्या घोषणा हे सगळं तिथे आधी दिसलं. तीन वर्षांनी मुसोलिनी पंतप्रधान झाला. जिंकूनही हरल्यासारखं वाटणारा देश हरलेल्या देशाइतकाच धोकादायक होऊ शकतो.

जपानला चीनच्या शांतुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क मिळाले, पण राष्ट्रसंघाच्या करारात वंशसमानतेचं तत्त्व घालावं ही त्यांची मागणी फेटाळली गेली. चीन तर दोस्तांच्याच बाजूचा. आपल्याच शांतुंग प्रांतातले हक्क जपानला दिले म्हटल्यावर पेकिंगचे विद्यार्थी ४ मे १९१९ रोजी रस्त्यावर उतरले आणि चीननं तहावर सही केली नाही.

ब्रिटन आणि फ्रान्सनं ऑटोमन साम्राज्याचे अरब प्रदेश ‘आदेशित प्रदेश’ म्हणून, म्हणजे राष्ट्रसंघाच्या वतीनं कारभार पाहायचा या नावाखाली, वाटून घेतले. १९२० मध्येच इराकमध्ये बंड झालं आणि सीरियात फ्रेंचांना लढून दमास्कस घ्यावं लागलं. नफ्याची म्हणून घेतलेली इस्टेट पहिल्याच वर्षी खर्चाची ठरली.

जेत्यांच्या साम्राज्यातल्या लोकांचं काय झालं?

विल्सन स्वयंनिर्णयाबद्दल बोलत होते, ते कैरोत, सेऊलमध्ये, दिल्लीतही ऐकलं गेलं. इजिप्तचे राष्ट्रवादी नेते साद झगलूल यांनी पॅरिसला शिष्टमंडळ न्यायची परवानगी मागितली; मार्च १९१९ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना अटक करून माल्टाला धाडलं आणि इजिप्त पेटला. कोरियात १ मार्चला जपानी राजवटीविरुद्ध निदर्शनं झाली, ती चिरडली गेली. हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापार पाठवली गेली होती. त्या बदल्यात मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला आणि १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडली. त्यानंतर अडीच महिन्यांनी हिंदुस्थानच्या नावानं आरसेमहालात सही झाली. ती केली भारतमंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी. स्वयंनिर्णय हरलेल्यांच्या प्रजेपुरताच होता, हे त्या वर्षी करोडो लोकांना कळलं. तहाचा हा परिणाम युरोपातल्या सीमांपेक्षा जास्त टिकला.

जर्मनीखेरीज बाकीच्या पराभूतांची गत काय?

टक्केवारीनं पाहिलं तर हंगेरीचं नुकसान जर्मनीहून कितीतरी मोठं. ४ जून १९२० च्या त्रिआनाँच्या तहात जुन्या हंगेरियन राज्याचा दोन तृतीयांश भाग गेला आणि तीसेक लाख हंगेरियन भाषक सीमेपलीकडे राहिले. शाळेत मुलं रोज हंगेरीच्या पुनरुत्थानावर विश्वास असल्याची प्रार्थना म्हणत. ‘नाही, नाही, कधीच नाही’ ही घोषणा सगळीकडे असे. जमीन परत मिळेल या आशेनं हंगेरी हिटलरच्या गोटात गेली, थोडी जमीन मिळालीही, आणि १९४७ च्या पॅरिस तहात ती पुन्हा गेली. २०१० पासून ४ जून हा तिथे राष्ट्रीय एकतेचा दिवस म्हणून पाळला जातो.

तुर्कस्तानची गोष्ट वेगळी, कारण हरलेल्यानं तह फाडून टाकून दुसरा लिहायला लावल्याचं हे त्या काळातलं एकच उदाहरण. ऑगस्ट १९२० मध्ये सेव्हर इथल्या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात झालेल्या तहानं अनातोलियाचेही तुकडे केले. तुर्की सेनानी मुस्तफा केमाल यांनी तो मानला नाही, ग्रीक सैन्याला १९२२ मध्ये हरवलं, आणि जुलै १९२३ मध्ये लॉझानला नवा तह झाला. किंमत मात्र साध्या माणसांनी मोजली. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन आणि जवळपास ४ लाख मुस्लिम यांची सक्तीनं अदलाबदल झाली. कसोटी धर्माची, भाषेची नव्हे. त्यामुळे अनातोलियातले तुर्की बोलणारे ख्रिश्चन ग्रीसला धाडले गेले, आणि क्रीटमधले ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात. ज्या देशात ‘परत’ पाठवलं, तिथली भाषाच यांना येत नव्हती.

सीमा ठरवताना लोकांना विचारतात का?

क्वचित. १९२० मध्ये श्लेस्विगमध्ये सार्वमत घेऊन डेन्मार्क-जर्मनी सीमा ठरवली. ती आजही तीच आहे. दुसरं महायुद्ध होऊनही तिला कोणी हात लावला नाही.

मग हरलेल्याशी सौम्यपणे वागलेलं बरं का?

इतिहासात त्याची चांगली उदाहरणं आहेत. नेपोलियननंतर १८१४ मध्ये फ्रान्सशी बराच सौम्य तह झाला. व्हिएन्नाच्या परिषदेत फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री तालेराँ स्वतः बसले होते, नुसते बसले नव्हते तर जेत्यांमधल्या फुटीचा फायदाही घेत होते. १८१५ मध्ये नेपोलियन परतला आणि वॉटर्लू झालं, तेव्हा अटी कडक झाल्या: ७० कोटी फ्रँक आणि दीड लाखांची ताबाफौज. पण १८१८ मध्येच फौज परत गेली आणि फ्रान्सला बड्या सत्तांच्या बैठकीत बरोबरीची खुर्ची मिळाली.

प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्कनं दोन्ही करून पाहिलं. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाला हरवल्यावर त्यानं प्रशियासाठी ऑस्ट्रियाची जमीन घेतली नाही. तेरा वर्षांनी ऑस्ट्रिया त्याचा मित्र झाला होता. १८७१ मध्ये फ्रान्सकडून मात्र ५ अब्ज फ्रँक आणि अल्सेस-लोरेन घेतलं. पैसे फ्रान्सनं १८७३ मध्येच, मुदतीआधी, फेडले. जमीन विसरला नाही. पॅरिसच्या प्लास द ला काँकॉर्द या चौकात अल्सेसमधल्या स्ट्रासबुर्ग शहराचं प्रतीक असलेला एक पुतळा आहे. त्यावर १९१८ पर्यंत काळं कापड आणि शोकाची पुष्पचक्रं असत. येता-जाता पॅरिसकर ते बघत.

तरी सौम्यपणाची किंमतही कोणीतरी देतंच. १८१५ ची शांतता पोलंडच्या वाटणीवर उभी होती, आणि पोलिश माणसाला ती शांतता कधीच वाटली नाही.

१९४५ नंतर जर्मनी आणि जपान सावरले, ते तह सौम्य होते म्हणून?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. १९४५ चा निकाल व्हर्सायपेक्षा कितीतरी कठोर होता. बिनशर्त शरणागती, चार ताबाक्षेत्रं, पूर्वेकडचा मोठा प्रदेश गेलेला, सुमारे १ कोटी २० लाख जर्मन पूर्व युरोपातून हाकललेले किंवा पळून आलेले, न्यूरेंबर्गला नेत्यांवर खटले. सोव्हिएत क्षेत्रातून कारखाने आणि रुळांच्या दुसऱ्या जोड्याही उचलून नेल्या. आपण हरलो याबद्दल या वेळी कोणाच्याही मनात शंका उरली नाही.

फरक पडला तो नंतर. पश्चिमेकडे जेते निघून गेले नाहीत. १९४८ पासून अमेरिकेच्या मार्शल योजनेचे सुमारे १३ अब्ज डॉलर युरोपात आले, त्यात पश्चिम जर्मनीचाही वाटा होता. १९५१ मध्ये ज्या कोळसा आणि पोलादावरून भांडणं होत, तेच फ्रान्स आणि जर्मनीनं सामाईक व्यवस्थेखाली आणलं. फेब्रुवारी १९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचं जुनं कर्ज जवळपास निम्मं माफ झालं आणि उरलेल्याचे हप्ते त्याला झेपतील असे बांधून दिले. १९२१ मध्ये हेच झालं असतं तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. अर्थात हे नुसत्या औदार्यातून झालं नाही, समोर सोव्हिएत संघ उभा होता.

जपानशी तह झाला सॅन फ्रान्सिस्कोत, ८ सप्टेंबर १९५१ रोजी. ४८ देशांनी जपानबरोबर सही केली. सोव्हिएत संघानं नाकारली, चीनला बोलावलंच नव्हतं. भारत परिषदेला गेला नाही; त्यानं जून १९५२ मध्ये वेगळा तह करून भरपाईचा हक्क सोडून दिला. सॅन फ्रान्सिस्कोचा तह झाला त्याच दिवशी तिथे अमेरिका-जपान सुरक्षा करारही झाला होता, म्हणजे स्वातंत्र्य मिळालं ते परक्या लष्करी तळांसकट. ओकिनावा तर १५ मे १९७२ पर्यंत अमेरिकेच्याच ताब्यात होतं. जपानच्या सावरण्याचा मोबदला ओकिनावाच्या लोकांनी आपल्या जमिनींनी दिला.

तह झालाच नाही तर काय होतं?

जर्मनीच्या बाबतीत शेवटचा शब्द लिहायला ४५ वर्षं लागली. दोन्ही जर्मनी आणि चार जेते यांचा करार १२ सप्टेंबर १९९० रोजी मॉस्कोत झाला, तेव्हा कुठे जेत्यांचे उरलेसुरले हक्क संपले. सोव्हिएत संघ आणि जपान यांनी १९५६ च्या संयुक्त घोषणेनं युद्धस्थिती संपवली, पण कुरील बेटांच्या वादामुळे रशिया आणि जपान यांच्यात शांतता तह आजतागायत झालेला नाही. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली. तह झाला नाही, म्हणून द्वीपकल्पाच्या मध्यातून सुमारे चार किलोमीटर रुंदीचा पट्टा अजून तसाच आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फौजा समोरासमोर उभ्या आहेत.